पांढरा पत्रा

पिकअपचा मागचा फाळका मोडला तेव्हा आवाज फारसा झालाच नाही. लोखंडी पत्रा फाटताना किंचाळतो, लाकडी फळी कडाडते. इथं नुसतं कर्र झालं, खारी दातांखाली यावी तसं, आणि फाळक्यावर उभा राहून केळीचे क्रेट खाली देणारा मुरलीधर तायडे पत्र्यासकट जमिनीवर आला. मागोमाग चार-पाच क्रेट त्याच्या अंगावर आले.

नूतन भारंबे पॅकहाउसच्या दारात व्यापाऱ्याशी फोनवर बोलत होती. फोन तसाच कानाला धरून ती धावली. हमालांनी क्रेट बाजूला केले. मुरलीधरची उजवी मांडी नको तिथं वाकली होती. तो शुद्धीवर होता, पण त्याच्या चेहऱ्यावर वेदनेपेक्षा भीतीच जास्त होती.

“ताई, मी काही आपटलं-बिपटलं नाही हो. नुसता उभा होतो.”

“बोलू नका तुम्ही. ॲम्ब्युलन्स येतेय.”

त्याला नेल्यावर नूतननं खाली पडलेला फाळक्याचा तुकडा उचलला. गाडी जवळपास नवीच होती. पत्रा वरून तसाच पांढराशुभ्र, ना पोचा ना ओरखडा. मोडलेली कड मात्र करडी आणि रवाळ दिसत होती, फोडलेल्या खडीसाखरेसारखी. तिनं अंगठ्यानं दाबून पाहिलं, तर कोपरा चुरा होऊन तिच्या पायावर पडला.

धातूचा असा चुरा होतो हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. आणि तिचं सगळं लहानपण धातूच्या कारखान्यात गेलं होतं.

तो कारखाना तिच्या माहेरचा. सावद्याच्या रस्त्याला लागून मोठी शेड, दारावर ‘सरोदे बॉडी वर्क्स’ अशी पाटी. ट्रक आणि पिकअपच्या नुसत्या चासी तिथं यायच्या आणि नूतनचे वडील, पुढे तिचा मोठा भाऊ चुडामण, त्यांच्यावर लोखंडी हौदा चढवायचे. फाळके, कड्या, बिजागऱ्या सगळं तिथंच घडायचं. नूतननं लग्नानंतर केळीच्या वाहतुकीचा धंदा काढला, तेव्हा पहिल्या गाडीचा हौदा चुडामणनं आहेर म्हणून बांधून दिला होता. नवरा हेमराज केळीच्या बागेत रमणारा. गाड्यांचं सगळं नूतनच बघायची, आणि गाडीला काही झालं की ती थेट दादाच्या दारात.

मग बॅटरीच्या गाड्या आल्या. बॅटरी म्हणजे वजनाचं धूड. गाडीच्या अंगावरचं वजन जितकं कमी, तितका माल जास्त आणि एका चार्जमध्ये पल्लाही जास्त. लोखंडाच्या मानानं ॲल्युमिनियमचं वजन जेमतेम तिसरा हिस्सा. ताकदीसाठी पत्रा थोडा जाड घेतला तरी गाडी कितीतरी हलकी होते. शिवाय त्याला गंज चढत नाही. केळीचा चीक आणि रोजचं धुण्याचं पाणी लोखंडी हौदा खाऊन टाकतं, दर दोन-तीन वर्षांनी खालचा पत्रा बदलावा लागतो. ॲल्युमिनियमच्या अंगावर हवा लागताच स्वतःचीच एक पातळ, कडक साय धरते आणि ती साय आतल्या धातूला जपते. रावेरपासून फैजपुरापर्यंत बघता बघता पांढऱ्या गाड्या झाल्या. नूतननंही तीन घेतल्या. या गाड्यांचा हौदा कंपनीतूनच साच्यात दाबून, गोंदानं आणि रिव्हेटनं जोडून यायचा. चुडामणला त्यात हात घालायला जागाच उरली नव्हती.

एका लग्नात जेवणाच्या पंगतीत तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, “बाई, पातेल्याच्या धातूची गाडी घेतलीस तू. पापडासारखी मोडेल एक दिवस. तेव्हा माझ्या दारात आणू नको.”

लोक हसले. नूतनही हसली होती. पण त्या दिवसापासून भाऊ-बहिणीत ‘बरं आहे ना’ एवढंच बोलणं उरलं.

पापडासारखी मोडेल. तुकडा हातात घेऊन उभ्या असलेल्या नूतनला तेच शब्द आठवले. तिनं ते झटकून टाकले, पण ते गेले नाहीत.

गाडीच्या कंपनीचा माणूस दुसऱ्याच दिवशी हजर झाला. साधी तक्रार केली तर ही माणसं महिनाभर फिरकत नाहीत, हे नूतनला माहीत होतं. हा इतक्या तातडीनं कसा आला, असं तिच्या मनात येऊन गेलं. निखिलेश वडनेरे असं त्याचं नाव. तिशी-पस्तिशीचा, मृदू बोलणारा, बूट दाराबाहेर काढून येणारा. त्यानं पिस्तुलासारखं एक यंत्र मोडक्या फाळक्याला टेकवलं. धातूवर किरण सोडून त्यात कोणकोणती मूलद्रव्यं आहेत हे ते सांगतं, असं त्यानं समजावलं. छोट्या पडद्यावर नावं उमटली. नूतन मागून बघत होती. वडनेरेनं पडदा चटकन स्वतःकडे वळवला.

“गॅलियम,” तो म्हणाला. “मॅडम, घरात ॲल्युमिनियमचं एखादं जुनं भांडं आहे? बिघडलं तरी चालेल असं?”

नूतननं चहाचं पातेलं आणून दिलं. वडनेरेनं बॅगेतून बोटाएवढी कुपी काढली. आत चांदीसारखा चकचकीत गोळा होता. त्यानं कुपी तळहातात मिटून धरली आणि थोड्या वेळानं उघडून दाखवली. गोळ्याचं पाणी झालं होतं.

“हा धातू हाताच्या उबेनं वितळतो. आपल्या इथल्या उन्हात तर दिवसभर पातळच राहील.” त्यानं किल्लीनं पातेल्याला ओरखडा काढला आणि त्यावर एक थेंब सोडून कापसानं चोळला. दुसरा थेंब स्टीलच्या ताटलीत सोडला. “आता आपण चहा घेऊ. याला वेळ लागतो.”

चहा झाला, इकडचं-तिकडचं बोलणं झालं. मग वडनेरेनं पातेलं उचललं आणि ओरखड्याच्या जागी बोट टेकवलं. बोट आरपार गेलं. नूतननं पाहिलं तर पातेल्याची कड तिच्या फाळक्यासारखीच रवाळ झाली होती.

“हे झालं काय?”

“ॲल्युमिनियम म्हणजे बारीक बारीक स्फटिक एकमेकांना चिकटून बसलेले. भिंतीत विटा असतात तसे. त्याच्या अंगावरची साय शाबूत असेल तर गॅलियम आत शिरू शकत नाही. पण जिथं ओरखडा असेल तिथून ते आत घुसतं आणि स्फटिकांच्या मधल्या फटींतून पसरत जातं. विटा तशाच राहतात, मधला चुना जातो. मग भिंत उभी दिसते, पण टेकलं की कोसळते.” त्यानं ताटली तिरकी केली. थेंब घरंगळत कडेला आला आणि त्यानं तो कापसानं टिपून घेतला. ताटली होती तशी होती. “लोखंडाला एवढ्या उष्णतेत काही होत नाही.”

नूतननं ताटली हातात घेऊन उजेडाकडे धरली.

“तुमच्या फाळक्यात हे बिजागरीपाशी सापडलं,” वडनेरे सावकाश म्हणाला. “ते आपोआप येत नाही. कुणीतरी आणून लावावं लागतं. विचारायला बरं वाटत नाही, पण मॅडम, तुमच्यावर कुणाचा राग आहे? म्हणजे असं कुणी, ज्याला धातूमधलं कळतं?”

“नाही,” नूतन म्हणाली. जरा लवकरच म्हणाली.

वडनेरेनं मान डोलावली आणि यंत्र बॅगेत ठेवलं.

दवाखान्यात मुरलीधरच्या पायाला सळई घातली होती. नूतन रोज डबा घेऊन जायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिनं आडून आडून विचारलं, गाडीपाशी कुणी परकं माणूस दिसलं होतं का?

“परकं कोणी नाही ताई.” मुरलीधरनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, “आखाजीच्या सणाला चुडामणदादा आले होते ना तुमच्याकडे आंबे घेऊन? तुम्ही आत होत्या. ते गाडीच्या मागं बसले होते उकिडवे. फाळक्याच्या जोडावरून, बिजागरीवरून हात फिरवत होते. मला बघून उठले. म्हणे, चांगली आहे रे गाडी.” तो घाईनं पुढे म्हणाला, “मी आपलं तुम्ही विचारलं म्हणून सांगितलं. दादा काही वाईट माणूस नाहीत.”

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, त्या पंगतीनंतर भाऊ पहिल्यांदाच आपण होऊन आला, आंबे देऊन गेला, म्हणून नूतन किती हरखली होती! आता त्याच दिवसाकडे ती वेगळ्या डोळ्यांनी बघू लागली. आंबे हातात देऊन तो लगेच निघाला होता. पाणीही घेतलं नव्हतं.

ती कारखान्यात गेली. शेडमध्ये एकही चासी नव्हती. चुडामण मागच्या खोलीत होता. तिची हाक ऐकून बाहेर आला आणि दार ओढून घेतलं. पण त्याआधी तिला दिसायचं ते दिसलं. खोलीत पोतंभर पांढऱ्या पत्र्याचे तुकडे होते, वेडेवाकडे, मोडलेले, भोकं पडलेले.

“ते काय आहे रे दादा?”

“भंगार.”

“ॲल्युमिनियमचं भंगार तुझ्याकडे कशाला?”

चुडामणनं खांद्यावरच्या फडक्यानं हात पुसले. पंचावन्न वर्षांचा माणूस, वेल्डिंगनं तळहात जागोजागी भाजलेले. “मुरलीधर कसा आहे?” त्यानं विचारलं.

“हाड जुळेल म्हणतात. दादा, फाळक्याला कुणीतरी काहीतरी लावलं होतं. कंपनीचा माणूस सांगून गेला.”

“असं?”

“आखाजीला तू गाडीपाशी काय करत होतास?”

चुडामणनं फडकं पुन्हा खांद्यावर टाकलं.

“तू मला विचारतेस, का सांगतेस?”

“विचारतेय.”

“विचारायला आलेलं माणूस बसतं तरी. तू अजून उंबऱ्याच्या बाहेर आहेस.”

नूतननं खाली पाहिलं. खरंच ती बाहेर होती. आत जायला पाऊल उचललं, तेवढ्यात तो म्हणाला, “जा घरी. ऊन फार आहे.” आणि पाठ फिरवून शेडच्या दुसऱ्या टोकाला गेला.

चार दिवसांनी तिची दुसरी गाडी महामार्गावर फुटली. फाळका निसटून मागून येणाऱ्या मोटारीच्या काचेवर गेला. मोटारीत नवरा-बायको आणि मागच्या सीटवर लहान मूल होतं. काच तडकली, कुणाला लागलं नाही. पण नूतन तिथं पोचली तेव्हा ती बाई मुलाला छातीशी धरून रस्त्याच्या कडेला बसली होती, आणि नूतनला तिच्या नजरेला नजर देववेना.

पोलीस आले. वडनेरेही आला. पुन्हा तोच धातू, पुन्हा बिजागरीपाशी.

“मॅडम, पुढच्या वेळी कुणीतरी जाईल,” तो हळूच म्हणाला. “तुम्हाला काही माहीत असेल आणि तुम्ही बोलला नाहीत, तर त्याचा भार तुमच्यावर येईल.”

त्या संध्याकाळी नूतननं ठाण्यात जाऊन भावाचं नाव सांगितलं. पंगतीतलं बोलणं, आखाजीचा दिवस, पोत्यातले तुकडे, सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज एकदाही कापला नाही. ती स्वतःला बजावत होती की आपण फक्त पाहिलेलं सांगतोय, संशय घेणं पोलिसांचं काम आहे.

सकाळी चुडामणला घेऊन गेले. पोतं जप्त झालं. एवढे मोडके तुकडे म्हणजे याचे प्रयोगच चालले होते, असं ठरायला वेळ लागला नाही. शेडला कुलूप लागलं. बाजारात लोक नूतनशी जास्तच गोड बोलू लागले. “घरभेदीच असतो शेवटी,” कुणीतरी म्हणालं, आणि ते भावाबद्दल होतं की तिच्याबद्दल, हे तिला कळलं नाही.

तिसरी गाडी तिनं घराच्या आवारात आणून ठेवली. तिच्या बिजागऱ्या स्क्रूड्रायव्हरनं टोचून पाहिल्या, सगळं घट्ट होतं. फाटकाला नवं कुलूप लावलं, कॅमेरा बसवला, किल्ली गळ्यात घातली. मुरलीधरच्या जागी ठेवलेल्या नव्या ड्रायव्हरवरही तिचा विश्वास नव्हता; दिवसा गाडी ती स्वतः चालवायची, बॅटरी बदलायला केंद्रावर स्वतः न्यायची, आणि माल भरताना हमालांच्या हाताकडे बघत उभी राहायची. हेमराज एकदा म्हणाला, “अगं, मी गाडीला हात लावला तर चालेल का?” तो थट्टेनं म्हणाला होता. तिनं मात्र उत्तर देण्याआधी क्षणभर विचार केला, आणि तो क्षण हेमराजला दिसला. तो मुकाट्यानं बागेत निघून गेला.

चुडामण कोठडीत असतानाच एका सकाळी तिनं त्या गाडीचा फाळका उघडला, तर बिजागरीशेजारी केसाएवढी चीर दिसली. तिनं स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं. टोक आत रुतलं.

आधी तिला राग आला, मग ते लक्षात आलं. या गाडीला तिच्या नजरेआड कुणाचा हात लागला नव्हता. तिनं कॅमेऱ्यातलं चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलं. आवारात दोन मांजरं आणि ती स्वतः, एवढंच होतं.

मग तिनं जे आतापर्यंत कुणीच केलं नव्हतं ते केलं. चटई अंथरली आणि गाडीखाली शिरली. हौद्याखाली बॅटरीचा कप्पा असतो, आणि त्याच्या मागच्या तोंडाला दोन जाड नळ्यांची जोडणी. केंद्रावर रिकामी बॅटरी काढून भरलेली बसवतात तेव्हा या नळ्या सुटतात आणि पुन्हा जोडल्या जातात. जोडणीच्या रबरी कड्याला बारीक भेगा पडल्या होत्या. आणि कड्याच्या खाली एक थेंब लोंबत होता. चांदीसारखा.

तिनं स्टीलचा चमचा आणून तो थेंब त्यात धरला. तो घरंगळला, तिच्या स्वयंपाकघरातल्या ताटलीत घरंगळला होता तसाच.

ती तशीच बॅटरी-केंद्रावर गेली. तिथल्या माणसाला विचारलं, “या नळ्यांतून काय वाहतं?”

“कूलंट.”

“पाणी?”

“नाही हो. भरभर चार्ज करताना बॅटरी भयंकर तापते. पाण्याला ती उष्णता ओढवत नाही. हे पातळ धातूचं असतं. गॅलियम, इंडियम आणि कथील एकत्र करतात, म्हणजे थंडीतही गोठत नाही. नव्या बॅटऱ्यांत तेच आहे.” तो जरा सावरून म्हणाला, “आम्हाला फक्त हात लावू नका एवढंच सांगितलंय.”

सगळं जुळत होतं. बॅटरी एका कंपनीची, गाडीचा सांगाडा दुसरीचा. बॅटरीवाल्यांनी आपली पेटी पोलादी केली होती, तिला या द्रवाचं भय नव्हतं. गाडीवाल्यांनी हौदा बांधला तेव्हा बॅटऱ्यांत साधं पाणी फिरत होतं. सत्तेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात रबर कडक होऊन चिरलं आणि दर अदलाबदलीला एखादा थेंब बाहेर पडू लागला. गाडी चढाला लागली की तो हौद्याखालच्या पट्टीवरून मागं सरकायचा आणि नेमका बिजागरीपाशी थांबायचा. तिथं दिवसभर घासून घासून ॲल्युमिनियमची साय गेलेलीच असायची.

आणि नूतनला त्या यंत्राचा पडदा आठवला. वडनेरेनं तो वळवण्याआधी त्यावर तिला नावं दिसली होती, आणि ती बरीच होती. इंडियम हा शब्द तिनं त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा वाचला होता.

तिनं त्याला फोन लावला. सगळं सांगितलं.

“मॅडम, तुम्ही हे आणखी कुणाला दाखवलंत का?”

वाईट वाटलं, कमाल झाली, तुमच्या भावाला सोडवायला हवं, यातलं काहीही तो आधी म्हणाला नव्हता.

“का विचारता?”

“गाडीला हात लावू नका. आमची माणसं आजच येऊन ती घेऊन जातील. तपासणी करावी लागेल.”

“तुमच्या यंत्रावर इंडियम होतं. मी वाचलं होतं. तुम्ही एकटं गॅलियम सांगितलंत.”

“ते अगदी अल्प प्रमाणात होतं. असल्या गोष्टी अशुद्धी म्हणूनही येतात.”

“की तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?”

“मला माहीत नव्हतं मॅडम. खरंच नव्हतं.”

त्याचा आवाज खरा वाटत होता. पण पातेल्यात बोट घालतानाही तो असाच खरा वाटला होता. नूतननं फोन ठेवला, गाडीखाली पुन्हा जाऊन जोडणीचं आणि थेंबाचं चित्रण केलं आणि ते जिल्ह्यातल्या पिकअपवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, ‘आपापल्या गाडीखाली बघा.’ दुपारपर्यंत तसलेच फोटो येत राहिले, मुक्ताईनगरहून, यावलहून, थेट बऱ्हाणपूरहून. संध्याकाळी कंपनीचा ट्रक तिची गाडी न्यायला आला, तेव्हा तिच्या फाटकाशी इतकी माणसं उभी होती की त्याला वळून परत जावं लागलं.

पुढे दोन्ही कंपन्यांनी पत्रकं काढली. आपापल्या जागी दोन्ही वस्तू निर्दोष आहेत, असं दोघींचं म्हणणं होतं. गाड्या परत बोलावल्या गेल्या, जोडण्या बदलल्या गेल्या. वडनेरेची बदली झाली असं कुणी म्हणालं, बढती झाली असंही कुणी म्हणालं.

चुडामणला सोडलं त्या दिवशी नूतन ठाण्याबाहेर उभी होती. तिच्याआधी शैलजावहिनी आली होती. चुडामण बाहेर आला. दाढी वाढली होती, चप्पल घालायचं विसरून तो अनवाणीच पायऱ्या उतरला. नूतन पुढं झाली तसा तो थांबला, तिच्या डोक्यावर हात ठेवावा तसा हात अर्धा वर नेला, आणि तो तसाच खाली घेऊन रिक्षात जाऊन बसला.

वहिनी मागं राहिली.

“ताई, पोत्यात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे?”

नूतननं नाही म्हणून मान हलवली.

“वर्षभर मागच्या खोलीत बसून ॲल्युमिनियमचं वेल्डिंग शिकत होते. मोबाइलवर बघून बघून. कुणाला कळू द्यायचं नाही, मलाही नाही. पंचावन्नाव्या वर्षी पहिलीत बसल्यासारखं वाटतं म्हणायचे. म्हणायचे, लोखंड तापलं की लाल होतं, सावध करतं. हे काही बोलतच नाही, एकदम गळून खाली पडतं. आखाजीला तुमच्या गाडीचे जोड बघायला आले होते, कंपनीनं कसे केलेत म्हणून.”

“मला सांगितलं असतं तर…”

“सांगणार होते. एक जोड नीट जमला की तो घेऊन तुमच्याकडे येणार होते.” वहिनीनं पदर सावरला. “चला, रिक्षा थांबलीये.”

पाऊसकाळ संपला तेव्हा नूतननं ठरवलं की पहिली मोडलेली गाडी लोखंडी करायची. पल्ला कमी होईल, माल कमी बसेल, हे सगळं तिनं हेमराजला सांगितलं. तो म्हणाला, “हौद्यासाठी जातेस की दादासाठी?” ती कपाटात गाडीचे कागद शोधू लागली.

नुसती चासी घेऊन ती शेडमध्ये गेली. या वेळी ती थेट आत गेली. चुडामणनं चासीभोवती फेरी मारली, माप घेतलं, कोणत्याही गिऱ्हाइकाला सांगतो तसं किती दिवस लागतील ते सांगितलं. मग एक लोखंडी खुर्ची आणून शेडच्या मधोमध ठेवली.

“बस इथं.”

“कशाला? मी उद्या येते बघायला.”

“उद्या नाही. काम चालेल तोवर रोज बसायचं. मी तुझ्या गाडीला एकटा हात लावणार नाही.”

“दादा…”

“बस.”

ती बसली. त्यानं प्रायमरचा डबा उघडून तिच्यासमोर धरला. “बघ. रंगच आहे.” नटबोल्टची पिशवी उघडून दाखवली. ग्रीस बोटावर घेऊन दाखवलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. शांतपणे, जबाबदारीनं दाखवत होता, आणि त्यामुळेच नूतनला ते अधिक लागलं. टोमणा असता तर भांडता आलं असतं.

त्यानं मास्क खाली ओढला आणि काम सुरू केलं. थोड्या वेळानं नूतनला ते बघवेना. ती हळूच उठली आणि बाहेर निंबाखाली जाऊन उभी राहिली. आपण नसलो तर तो मोकळेपणानं काम करील, असं तिला वाटलं.

शेडमधला फरफर आवाज बंद झाला.

तिनं वाट पाहिली. तो पत्रा उचलत असेल, माप घेत असेल. पण कसलाच आवाज येईना. ती परत आत गेली. चुडामण चासीशेजारी पाटावर बसला होता. मास्क डोक्यावर वर केलेला, हात गुडघ्यांवर.

“थांबलास का?”

“तू नव्हतीस.”

नूतन खुर्चीत बसली. तो उठला, खुंटीवरचा दुसरा मास्क काढून त्यानं काच शर्टाच्या टोकानं पुसली आणि तो तिच्या हातात दिला.

“हा घाल. नुसत्या डोळ्यांनी बघशील तर डोळे जातील.”

तिनं मास्क चढवला. समोर दाट काळोख झाला. शेड, चासी, भाऊ, सगळं नाहीसं झालं. मग ठिणगी पेटली, आणि त्या एवढ्याशा उजेडात तिला फक्त त्याचे हात दिसू लागले. ते संथपणे, सरळ रेषेत पुढे सरकत होते. ती बघत राहिली.